चण्यांच्या पुडीतली बाई

बोडगेश्वराच्या जत्रेतून चणे न घेता आमच्या घरचं कुणी परतत नाही. यंदाही देवाच्या पाया पडून, खाज्यांची पुडकी पिशवीत टाकून, म्हापशाच्या त्या गर्दीतून वाट काढत मावशी आणि मी रस्त्याच्या कडेला आलो आणि गरम चण्यांची पुडी घेतली. हवेत गारवा होता, पुडीची ऊब तळहाताला बरी वाटत होती. चणे निम्म्यावर आले तेव्हा कागदाच्या आतल्या बाजूला एक चेहरा दिसला. उरलेले चणे रुमालात ओतून मी पुडी उलगडली. कुणा बाईच्या आधार कार्डाची झेरॉक्स होती, दोन्ही बाजू एकाखाली एक. शाई दाट पडल्यामुळे चेहऱ्यातले डोळे आणि केसांचा भांग एवढंच नीट उमटलं होतं. नाव, जन्मतारीख, विदर्भातल्या एका गावचा पत्ता, बाराच्या बारा आकडे मात्र लख्ख. खाली तिची सही, अक्षरं जुळवून जुळवून केलेली. कोपऱ्यात निळ्या पेनने दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं होतं, खोलीचा नंबर आणि ‘दोन रात्री’. मिठाचे बारीक कण त्या कागदाला चिकटले होते.

चणेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, “रद्दी किलोवर येते, बाई. वाचून कोण पुड्या बांधतो?” त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या हाताशी तसल्या कागदांची चळत होती, वर शाळेच्या वहीची पानं, कुठल्या तरी बिलांचे गठ्ठे, मधूनच आणखी एक तसाच काळपट चेहरा. मावशी म्हणाली, “फेकून दे गो ती पुडी, काय धरून बसलीस?” मला फेकवेना. फेकली असती तर उद्या सकाळी झाडूवाल्याच्या ढिगात गेली असती, नाहीतर वाऱ्याने उडून आणखी कुणाच्या पायाशी. ती घडी करून मी पर्समध्ये ठेवली आणि घरी येईपर्यंत त्या बाईचाच विचार करत राहिले. कुणाबरोबर आली असेल ती? पहिल्यांदा समुद्र बघायला? नवऱ्याबरोबर, मैत्रिणींबरोबर, घरी न सांगता? काउंटरवर कार्ड मागितलं तेव्हा तिने चटकन काढून दिलं असेल, जसं आपण सगळे देतो. कुठल्या गावची ही बाई गोव्यात दोन रात्री कुठल्या खोलीत राहिली, हे तिच्या शेजाऱ्यांना माहीत नसेल आणि मला माहीत झालं.

मला ते कळायचं काही कारण नव्हतं.

माझी मावशी मांद्र्याला असते. मागच्या अंगणात दोन खोल्या काढून ती पाहुण्यांना देते, त्यामुळे हा विषय आमच्या घरातलाच आहे. परदेशी पाहुणा आला की २४ तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची माहिती ऑनलाइन भरावी लागते. देशी पाहुण्यांचीही नोंद ठेवावी लागते. पोलीस कधी विचारतील याचा नेम नाही, आणि किनारपट्टीवर काय काय घडतं ते बघता त्यांनी विचारावं हेही बरोबरच आहे. मावशी नेकीने सगळं करते. पूर्वी तिची एक शंभर पानी वही होती. त्यात पाहुण्याचं नाव, गाव, आला कधी, गेला कधी, आणि शेवटच्या रकान्यात तिची स्वतःची टिपणं, ‘शाकाहारी’, ‘म्हातारी आई सोबत’, ‘परत येणार म्हणाले’. मग झेरॉक्स आल्या. आता तर लोक आगाऊच व्हॉट्सअ‍ॅपवर कार्डाचा फोटो धाडतात. एकदा तिचा फोन हँग व्हायला लागला म्हणून मी गॅलरी उघडली, तर नातवाच्या बारशाचे फोटो, सकाळचे गणपती, इसवण माशाच्या तुकड्यांचा कुठल्या तरी बुधवारचा फोटो आणि त्यांच्या मधे मधे अनोळखी माणसांची कार्डं. हनिमूनला आलेली जोडपी, पुण्याची कॉलेजची मुलं, एक निवृत्त शिक्षक, त्यांच्या लहानग्या नातीचंसुद्धा कार्ड. हेच सगळं रात्री आपोआप क्लाऊडवर चढत होतं. हाच फोन दुपारी नातवाच्या हातात असतो, गेम खेळायला.

मी म्हटलं, मावशी, हे पुसून टाकूया. ती म्हणाली, “आणि उद्या पोलीस आले तर?” यावर माझ्याकडे झटकन द्यायला उत्तर नव्हतं. मागणाऱ्याने मागितलं, देणाऱ्याने दिलं, ठेवणाऱ्याने ठेवलं. किती दिवस ठेवायचं, कुठे ठेवायचं, मग काय करायचं, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आणि तिच्यासारखी घरं मोरजी, हरमल, कळंगुट, बाणावलीपर्यंत पसरलेली आहेत. लॉजची गोष्ट वेगळीच, तिथे काउंटरखाली फाइल भरली की पोत्यात, पोतं भरलं की रद्दीत.

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने लोकांना सावध केलं होतं की कार्डाची झेरॉक्स सरसकट कुणालाही देऊ नका, हॉटेलांना तर नकोच, त्याऐवजी शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड’ आधार द्या. मला ते वाचून बरं वाटलं होतं. दोनच दिवसांत, २९ मे रोजी, दिल्लीहून ते पत्रक मागे घेतलं गेलं. लोक चुकीचा अर्थ काढतील, नेहमीची काळजी घ्या म्हणजे झालं, असं सांगण्यात आलं. मास्क्ड आधारची सोय मात्र आहेच, आधीपासून आहे, फुकट आहे. पण ज्या माणसाला कार्ड मागितलं जातं तो दिवसभराच्या प्रवासाने शिणलेला असतो, पोर कडेवर रडत असतं, मागे रांग असते. अशा वेळी आपले आठ आकडे झाकायचे कुणाला सुचतं?

एका झेरॉक्सने काय बिघडणार, असं कुणी म्हटलं की मला आश्चर्य वाटतं, कारण कागदाने काय होतं हे गोव्याच्या माणसाला शिकवावं लागू नये. पोर्तुगालला, आखाताला, मुंबईला गेलेल्यांची बंद घरं, जुन्या भाषेतली जुनी खतं, आणि एखाद्या बनावट दस्तावर परक्याच्या नावाने चढलेली जमीन. हे इतकं वाढलं की २०२२ मध्ये जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी सरकारला खास तपास पथक नेमावं लागलं. आजही कितीतरी लोक जमिनीच्या नोंदीचा ‘एक-चौदा’चा उतारा ऑनलाइन उघडून आपलं नाव आहे ना जागेवर, हे बघून घेतात. तो उतारा सगळ्यांना दिसतो म्हणूनच चोरी लक्षात येते, हेही मला मान्य आहे. सगळंच झाकावं असं मी म्हणत नाही. पण इतर राज्यांत जमिनीच्या दस्तांवरचे अंगठे ऑनलाइन नोंदींतून उचलून त्यांचे रबरी ठसे बनवले गेले आणि आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहारांतून गरिबांची खाती रिकामी झाली. मावशीचा अंगठा अशाच एका दस्तावर आहे. ती बातमी वाचली त्या संध्याकाळी मी तिच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक करून दिलं, म्हणजे तिच्या अंगठ्याने कुणाला व्यवहार करता येऊ नये. “माझा अंगठा आणि मलाच कुलूप?” असं म्हणाली, पण तिने करू दिलं.

“आपल्याला काय लपवायचंय?” हे वाक्य मी आता इतक्यांच्या तोंडून ऐकलंय. बँकेत, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत. शिकलेली, चांगली माणसं हे बोलतात आणि मनापासून बोलतात. मला अशा वेळी आजोबा आठवतात. त्यांचं तरुणपण पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गेलं. ते सांगायचे, घरातल्या लग्नाची पत्रिका छापायची तर मजकूर आधी सेन्सॉरकडे जायचा. पत्रिकेत असतं काय? श्रीगणेशाय नमः, कुलदेवतेचं नाव, वधू-वरांची नावं, मुहूर्त, ठिकाण, आणि अगत्य येण्याची विनंती. लपवायचं तर सोडाच, गावभर वाटायचाच तो कागद. तरीसुद्धा तो कचेरीत घेऊन जायचा, बाकावर बसायचं, साहेबाने तो नजरेखालून घालेपर्यंत थांबायचं. आजोबा त्या थांबण्याबद्दल बोलायचे तेव्हा इतक्या वर्षांनीही त्यांचा आवाज बदलायचा. वर्तमानपत्रांवर तर ‘व्हिझादो’ म्हणून छापलेलंच असायचं, म्हणजे आम्ही तपासून सोडलंय. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहिया आणि ज्युलियांव मिनेझिस बोलायला उभे राहिले तेही याचसाठी. सभा घ्यायला, चार शब्द बोलायला परवाना का लागावा? पुढच्या वर्षांत ‘पिदे’ ही पोर्तुगालची राजकीय पोलीस यंत्रणा इथेही आली. लोक दुकानावर बोलतानाही मागे बघायला लागले, असं आजोबा सांगत. आज लिस्बनच्या अभिलेखागारात त्या पिदेच्या फायली अभ्यासकांना उघडून बघता येतात. ज्यांच्यावर पाळत ठेवली त्यांतले बहुतेक ते बघायला उरले नाहीत.

म्हणून कुणी ‘लपवायचंय काय’ म्हटलं की मला लग्नपत्रिकाच आठवते.

पण जुन्या वाड्याचे, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीचे, गोडवे गाऊन मला सुटका करून घ्यायची नाही. आमच्या वाड्यावर सगळ्यांना सगळं माहीत असायचं. सोप्यावर बसलेल्या बाया कुणाच्या घरी पाव किती घेतले यावरून पाहुणे किती हे सांगायच्या. या माहितीने आजारपणात रात्री दार ठोठावलं आहे, मयताला खांदा दिला आहे. आणि याच माहितीने आमच्या नात्यातल्या एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं आहे. तिला पणजीच्या कदंब बस स्टँडवर कुणाशी तरी बोलताना कुणीतरी पाहिलं, एवढ्यावरून. तो तिच्या वर्गातला मुलगा होता, वही मागत होता. ती पुढे कितीतरी दिवस स्टँडवर मान खाली घालून उभी राहायची. मला हे विसरता येत नाही. एकत्र घरात वाढलेल्या आम्हा मुलींना आपलं म्हणावं असं कपाटसुद्धा नव्हतं. हातात फोन आला, त्याला पॅटर्न लावता आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा आतून कडी लावता येईल असं दार मिळालं. त्या दाराआड कितीजणींनी नोकरीचे अर्ज भरले, डॉक्टरला विचारायची लाज वाटते ते विचारून घेतलं, आईला सांगता येत नाही ते मैत्रिणीला सांगितलं. म्हणून या यंत्रावर माझा राग पुरा होत नाही. आणि म्हणूनच त्या दाराला मागून भगदाडं आहेत हे कळल्यावर दुखतंही जास्त. त्या फोनमधली कितीतरी अ‍ॅप्स आपण कुठे आहोत, कुणाचे नंबर ठेवलेत, किती वाजता झोपतो हे गोळा करतात. व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर २०१६ पासून कुलूपबंद आहे, वाटेत कुणाला वाचता येत नाही. पण आपण कुणाशी, कधी, किती वेळा बोललो ही नोंद म्हणजेही बरंच काही असतं. स्टँडवरच्या त्या माणसाने तरी दुसरं काय पाहिलं होतं? शब्द त्यालाही ऐकू आले नव्हते.

मावशीच्या शेजारच्या दादांनी चोरीच्या भीतीने घराला कॅमेरे लावले. एकाचं तोंड नेमकं मावशीच्या विहिरीकडे, जिथे ती सकाळी केस मोकळे सोडून न्हाणीतून बाहेर येते. ती आठ दिवस पदर डोक्यावरून घेऊन फिरली. मग एका सकाळी दोन नारळ घेऊन त्यांच्याकडे गेली, म्हणाली, “दादा, तुझा कॅमेरा माझ्या तुळशीकडे बघतो रे.” दादा ओशाळले, शिडी लावून त्याच पावली त्यांनी तोंड फिरवलं. त्याच कॅमेऱ्यामुळे पुढे वाड्यावरचे एक आजोबा पहाटे कुठल्या वाटेने गेले ते कळलं. त्यांना काही आठवत नाही, घर विसरतात. दुपारच्या आत ते सापडले, मळ्यात बसलेले. मावशी तेव्हापासून कॅमेऱ्याविषयी वाईट बोलत नाही. पण दादांच्या पायरीवर जाता येतं. मेर्शीच्या सिग्नलवर, पणजीत, मोपाच्या विमानतळावर जे कॅमेरे आपल्याला टिपतात, त्यांच्या मालकाची पायरी कुठे आहे? ते काय बघतात, किती दिवस ठेवतात, कुणाला देतात, हे विचारायला मावशीने नारळ घेऊन कुणाच्या दारी जायचं? मोपाला चेहरा दाखवून आत जायची सोय आली तेव्हा रांगेतली मुलं भराभर पुढे गेली. मी कागद दाखवून मागच्या रांगेतून गेले. वेळ लागला. सक्ती नाही तोवर मी तसंच जाईन.

खडक सिंग नावाच्या एका माणसाची गोष्ट वकील मैत्रिणीने मला सांगितली होती. उत्तर प्रदेशातला हा माणूस १९४१ च्या एका दरोड्याच्या प्रकरणात पकडला गेला आणि पुरावा नाही म्हणून सुटला. तरीही पोलिसांनी त्याच्या नावाची ‘हिस्ट्री शीट’ उघडली. रात्री-अपरात्री शिपाई दारावर येऊन हाका मारायचे, घरात शिरायचे, तो आहे की नाही बघायचे. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६२ मध्ये न्यायालयाने रात्रीच्या त्या फेऱ्या बेकायदा ठरवल्या, पण खासगीपणाचा म्हणून काही मूलभूत हक्क घटनेत नाही असंही बहुमताने म्हटलं. ते पुसायला २०१७ साल उजाडावं लागलं. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी ऐंशी ओलांडल्यावर, २०१२ मध्ये, आधारविरुद्ध याचिका केली होती. त्यातून २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितलं की खासगीपणा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ऐंशीच्या पुढचा एक माणूस न्यायालयाची पायरी चढतो तेव्हा स्वतःसाठी चढत नसतो. २०२४ मध्ये ते गेले तेव्हा आपल्याकडे त्यांची आठवण फार कुणी काढली नाही, याचं मला वाईट वाटलं.

वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाही झाला, २०२३ मध्ये. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि बहुतेक जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे १८ महिने दिलेत. मोठ्या हलगर्जीपणाला २५० कोटींपर्यंतचा दंड आहे. वाचून धीर येतो. पण हा कायदा डिजिटल माहितीचा आहे, किंवा कागदावरून पुढे डिजिटल केलेल्या माहितीचा. चण्यांच्या पुडीतला कागद त्यात बसतच नाही. सरकारी यंत्रणांना तर त्यात मोठी सवलत ठेवली आहे. आणि याच कायद्याने माहिती अधिकारातलं एक कलम असं बदललं की ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ एवढं म्हणून अधिकाऱ्याला कितीतरी गोष्टी नाकारणं सोपं झालं. नागरिकाचा पडदा म्हणून आणलेलं कापड कचेरीच्या खिडकीला लागावं हे मला मान्य नाही. आपल्या नावावर किती सिम कार्डं आहेत ते दाखवणारी सरकारच्या ‘संचार साथी’ची सोय चांगलीच आहे, मी स्वतः घरातल्या सगळ्यांची तपासली. पण तेच अ‍ॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच घालून द्या असा आदेश निघाला तेव्हा मीही अस्वस्थ झाले. डिसेंबर २०२५ मध्ये लोकांनी आवाज केला आणि काही दिवसांतच ती सक्ती मागे घेतली गेली. चांगली वस्तूसुद्धा आधी विचारून घरात यावी.

त्या बाईला कळवावं असं मला फार वाटलं होतं. पत्ता होताच. दोन ओळी लिहायच्या, ताई, तुमचा कागद अमुक ठिकाणी मिळाला, बायोमेट्रिक लॉक करून घ्या. पत्र लिहायला बसलेसुद्धा. मग वाटलं, हे पत्र पोस्टमन आणून कुणाच्या हातात देईल? सासऱ्यांच्या? नवऱ्याच्या? ती गोव्याला आली होती हे त्या घरात माहीत आहे का? आणि माहीत असलं तरी, ‘तुम्ही कुठल्या खोलीत राहिलात ते मला ठाऊक आहे’ असं परक्या माणसाचं पत्र आलं तर तिला झोप लागेल का? कागद मी चुलीत घातला. तिला कळायला हवं होतं हे मला आजही वाटतं, आणि कळवायची सुरक्षित वाट मला सापडली नाही.

मावशीशी मात्र मी भांडून एक गोष्ट ठरवून घेतली. वही पुन्हा सुरू केली. नोंद वहीत, कार्ड नजरेने बघायचं, शेवटचे चार आकडे लिहायचे, फोटो आलाच तर पाहुणे जातील त्या दिवशी पुसायचा. पोलिसांना वही पुरते की नाही ते तिने पोलीस स्टेशनवर जाऊन विचारलं, तिथल्या हवालदाराने ‘नंबर दिसला पाहिजे’ एवढंच सांगितलं. म्हणून आता मास्क्डचं कमी-जास्त चालू आहे, काही पाहुण्यांना पूर्ण नंबर द्यावाच लागतो, मग मावशी तो वहीत लिहिते आणि वही देवघराच्या कपाटात ठेवते.

परवा सोलापूरचं एक कुटुंब आलं, आई आणि दोन मुली; वडील कामासाठी घरीच राहिलेले. मी होते म्हणून त्या ताईंना म्हटलं, तुमचं मास्क्ड आधार काढून देते, दोन मिनिटांचं काम. त्या खुश झाल्या, अशी सोय असते हेच त्यांना माहीत नव्हतं. नंबर टाकला, आणि ओटीपी गेला त्यांच्या यजमानांच्या फोनवर. कार्डाला तोच नंबर जोडलेला. यजमान ड्युटीवर, फोन लागेना. मोठी मुलगी म्हणाली, आईच्या सगळ्याच गोष्टींचा ओटीपी बाबांकडे जातो, बँकेचापण. ताई नुसत्याच हसल्या आणि मला म्हणाल्या, घरी गेल्यावर तो नंबर बदलून घेता येतो का हो, माझा स्वतःचा घालून? मी म्हटलं, येतो, आधार केंद्रावर जाऊन करता येतं, कसं ते लिहून देते. त्यांनी पर्समधून पेन काढलं. मावशी आतून चहाचे कप घेऊन आली आणि मुलींना म्हणाली, “ओटीपी येईल तेव्हा येईल, तोवर बॅगा आत घ्या गो.”